उकळलेले जिवाणू

मागच्या वर्षी मूळकुजीने आमच्या रोपवाटिकेतली निम्मी लिंबाची रोपं गेली. यंदाही तीच गत झाली असती, तर वाटिका बंदच करावी लागली असती. म्हणून मी प्रयोगशाळेतून मुळांची राखण करणाऱ्या चांगल्या जिवाणूंची बाटली आणून फ्रिजमध्ये ठेवली. बाळाला निजवून बाहेर आले, तर सासूबाईंनी ती पातेल्यात ओतून खळखळ उकळली होती.

“अगं, वर ‘जिवाणू’ लिहिलंय! घरात तान्हं बाळ!”

“आई, ते जिवंतच हवे होते हो!”

त्यांचा चेहरा एवढासा झाला. मी प्रयोगशाळेतल्या ताईंना फोन लावला.

“बाटली धुतलीत का?” त्यांनी विचारलं.

नव्हती धुतली. तळाशी चमचाभर उरलं होतं.

“मग रडता कशाला? साखरेचं पाणी उकळून पूर्ण थंड करा आणि त्यात हे मिसळा. तीन दिवसांत वाढतील.”

“उकळायचं माझ्याकडे,” सासूबाई म्हणाल्या, आणि पाणी गार होईपर्यंत मला पातेल्याजवळ फिरकू दिलं नाही.

चौथ्या दिवशी आम्ही दोघींनी ते रोपांच्या बुडाशी घातलं. दीड महिन्याने, बाळ त्यांच्या कडेवर देऊन, मी एक रोप पिशवीतून अलगद काढलं. मुळं पांढरीशुभ्र! दुसरं काढलं, तिसरं काढलं, तीही तशीच. मी तिथेच मातीत बसकण मारली आणि हसत सुटले.

“हसतेस काय?” डोळे पुसत सासूबाई म्हणाल्या. “झाक आधी. उघड्यावर गार लागेल त्यांना.”