बाईच्या हातचा डोळा

आमच्या मोर्शीकडं नर्सरीवाले सांगतेत, बाईच्या हातचा डोळा लागत नाई. डोळा म्हंजे संत्र्याच्या काडीवरचा कोंब. तो चाकूनं काढायचा, जंभेरी लिंबाच्या रोपाची साल चिरून आत सरकवायचा आन वरून प्लास्टिकची पट्टी बांधायची. झालं कलम. बाईनं पट्ट्या कापाव्या, पानी टाकावं, निंदावं. तिनं चाकू धरला का झाड मेलंच समजा. मी चार सालापासून धरून राह्यली. शंभरात पाच मरतेत, तेवढे तं आमच्या नबीचाचाचेही मरतेत!

नबीचाचा आमचा जुना कारागीर. माह्या हातचे कलमं त्याच्याच नावावर खपतेत, हे त्याले माहीत आन बाबाले माहीत. गिऱ्हाइकाले नाई. मले हे शिकवलं कोनं, ते मात्र बाबानं कधी इचारलं नाई.

या दिवाळीत ऑस्ट्रेलियाच्या वर्किंग हॉलिडे व्हिसाच्या सोडतीत माहं नाव निघालं. एक साल तिथं फिरायचं, आन फिरता फिरता काम करायचं. बाबा म्हने, "हर्षे, सुट्टी का काम? एक काईतरी सांग. कामावर जाऊन सुट्ट्या मारनारे गंज पाह्यले मी, सुट्टीवर जाऊन काम करनारी तूच पह्यली."

मी भिंतीवर नकाशा चिकटवला. आधी नर्सरीत तीन मह्यने, मंग समुद्र, मंग वाळवंट. अकोल्याच्या पलीकडं कधी गेली नव्हती, पन वाळवंट पाह्यनार म्हंजे पाह्यनार.

तिथल्या एका नर्सरीवालीसंगं व्हिडिओवर बोलनं झालं. तिनं इचारलं, काय येते? मी छाती काढून सांगतलं, "आय टाय आइज." बाई चमकलीच! तिले वाटलं, हे पोट्टी लोकायचे डोळे बांधते का काय. मंग मी मोबाइल रोपापाशी टेकवला आन तिच्यासमोर तीन डोळे बांधले. ती म्हने, जानेवारीत ये, फक्त नर्सरीतल्या अनुभवाचा दाखला पाठव.

दाखला मी अमरावतीहून छापून आनला. बाबानं वाचला आन शिक्का टेबलाच्या खनात टाकून कुलूप लावलं.

"'पानी टाकते' असं लिहून आन, मारतो शिक्का. 'डोळे बांधते' नाई."

"काहून?"

"हे फुटलं तं तिवश्यापासून अचलपूरपर्यंत एक गिऱ्हाइक येनार नाई. संत्र्याले भाव नाई, लोक बागा तोडून राह्यले. उरलेसुरले तू पळव."

बाबाची भीती खरी होती. पन पानी टाकनारी त्या बाईले कायले पाह्यजे? आन मी काहून खोटा कागद घेऊन जाऊ? राग असा आला का दोन दिवस मी बाबासंगं बोललीच नाई.

तिसऱ्या दिवशी तिवश्याचे खुशालराव आले, आमचं मोठं गिऱ्हाइक. नबीचाचा डोळे बांधत होता, आई बाजूले पट्ट्या कापत होती. खुर्चीत बसले आन नबीचाचाच्या पाठीवर थाप मारली. "नबीभाई, तीन सालाआधीचे तुमचे झाडं पाहून जा एकदा. आठशेत पंधराही मेले नाई. हात आहे का जादू?"

नबीचाचानं माह्याकडं पाह्यलं. बाबानं डोळ्यानंच मले दटावलं. जाय घरात.

मी नाई गेली.

"ते झाडं माह्या हातचे आहेत, काका," मी म्हनलं. "आठशेच्या आठशे."

बाबा उठलाच. "पोट्टीचं डोस्कं फिरलं, खुशालराव—"

"नाई जी," नबीचाचा म्हने. "सच बोल रही है बेटी. त्या साली माही कंबर धरली होती. मी तं खाटेवरून उठलो नाई."

खुशालरावनं मिशीवरून हात फिरवला, माह्या बोटायकडं पाह्यलं, मंग बाबाकडं. "मंग केशवराव, आता लपवून काय राह्यले? मले झाडाशी मतलब. या सालीही हिच्याच हातचे बांधा."

बाबाचा आवाजच बदलला. "ऐकलं ना, हर्षे? मंग एवढा हंगाम थांब न माय. पुढच्या साली जाजो."

वा रे वा! चार सालं हात लपवला, आन भाव आला तं थांब म्हने!

"नाई थांबत," मी म्हनलं. "शिक्का मारा."

"मारतो व! पन डोळे कोन बांधन? नबीभाईच्यानं आता निम्मं होत नाई."

"मी बांधते."

आई होती ते. मांडीवर पट्ट्यायचा ढीग, हातात कैची. वीस सालं तिथंच बसून पट्ट्या कापत आली होती.

"तुले येते?" बाबा म्हने.

"हिले कोनं शिकवलं वाटते तुमाले?" आई उठली, लुगडं झटकलं. "तुमी बाजारात गेले का इकडं कोन बांधत होतं, इचारा नबीभाईले."

नबीचाचा जमिनीकडं पाहून हसून राह्यला होता. बाबानं खन उघडला, शिक्का काढला आन माह्या दाखल्यावर मारला. मी कागद उचलला तं आईनं मनगट धरलं.

"आनखी एक छापून आन. माह्या नावाचा. माणिकबाई, वीस सालं, डोळे बांधते."

"तुले कुठी जायचं आहे?" बाबानं इचारलं.

"कुठीच नाई," आई म्हने. "पन कागद पाह्यजे."