शेडची किल्ली

रत्नप्रभाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. इकडे उत्तरेत, झिरकपूरबाहेर कोंबड्यांच्या नव्या शेडसमोर उद्घाटनाचा मांडव घातलेला, आणि फलकावर नवऱ्याचा फोटो. ‘संस्थापक : डॉ. जयंत निकम, शास्त्रज्ञ.’ फलक मुलानं, आदित्यनं, लावला होता. विचारलं तर म्हणे, मार्केटमध्ये शास्त्रज्ञाचं नाव चालतं. तिच्याकडे चहापाणी बघायचं काम दिलं होतं.

संस्थापक म्हणे! सव्वीस वर्षांपूर्वी विट्याजवळच्या माहेराहून तिनं डालग्यात एक खुडूक कोंबडी आणि अकरा अंडी घालून रेल्वेनं आणली, तेव्हा हे संस्थापक लाजेनं दुसऱ्या डब्यात जाऊन बसले होते. त्यांतल्या सातांतून पिल्लं निघाली. सातांची पन्नास झाली, पन्नासांची आता पाच हजार. हे मात्र शहरातल्या सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेतून आले की नाकाला रुमाल लावायचे. “आधी आंघोळ कर, मग ताट वाढ,” एवढाच त्यांचा धंद्यातला हातभार. त्याच कोंबड्यांवर पोरगा शिकला, तेव्हा बरा वास आला नाही कुणाला.

पाहुणे बुटांसकट शेडकडे निघाले, तशी ती दारात आडवी उभी राहिली. बुटांबरोबर रोग आत जातो. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या फार्मवर अख्खी शेड अशीच रिकामी झाली होती. दारातल्या औषधाच्या पाण्यात पाय बुडवल्याशिवाय ती सख्ख्या भावालाही आत सोडत नसे. आज हे बूट आत गेले तर तिचं नावही गेलं आणि कोंबड्याही.

आदित्य दातओठ खात म्हणाला, “मम्मी, तमाशा मत करो.” कोंबड्यांपायी माणसांचा अपमान करतेस, बाजूला हो, असं जयंतराव खेकसले.

ती बाजूला झाली. दाराला कुलूप होतं.

“उघडा की,” ती म्हणाली. “संस्थापक आहात. किल्ली कुठं असते तेवढं पाहुण्यांना सांगा.”

जयंतरावांनी खिसे चाचपले. मग आदित्यकडे पाहिलं, आदित्यनं राखणदाराकडे. राखणदारानं रत्नप्रभाकडे. नव्या शेडमध्ये कोंबड्या आल्यापासून कामाला येणारी प्रत्येक बाई रोज सकाळी दाराशेजारी खुंटीवर टांगलेल्या त्याच जुन्या डालग्यात हात घालून किल्ली काढायची. डालगं जयंतरावांच्या कानाशीच लटकत होतं. पाहुणे ताटकळले.

शेवटी त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, “कुठं असते गं?”

रत्नप्रभानं त्यांच्या चकचकीत बुटांकडे पाहिलं.

“आधी पाय धुवा,” ती म्हणाली, “मग सांगते.”