झुरळाची अंगाई

मुलीचं दुसरं लग्न झालं त्या वर्षी, लग्नाच्या बरोबर तीन आठवडे आधी, डॉक्टरांनी तिच्या आईच्या घशातली स्वरपेटी काढून टाकली. गाठ वाईट होती आणि वाट बघण्यात अर्थ नव्हता. लग्नाच्या फोटोत आई पहिल्या रांगेत बसलेली दिसते, गळ्याला रेशमी रुमाल बांधलेला आणि हसू सगळ्यांपेक्षा मोठं. त्या हसण्याला आवाज नव्हता, पण फोटोत ते कळत नाही.

त्या आईचा नवरा रेकॉर्डिस्ट होता. जाहिरातींची गाणी बनवणाऱ्या एका छोट्या स्टुडिओत, काचेच्या अलीकडे बसून, त्याने छत्तीस वर्षं बटणं फिरवली होती. त्याचा भरवसा डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त. गॅसवरचं दूध वर यायला लागलं की त्याला दुसऱ्या खोलीत ऐकू यायचं. बायको खूश आहे की रागावली आहे, हे तो तिच्या तोंडाकडे न बघता भांड्यांच्या आवाजावरून सांगायचा. आणि आता ऑपरेशननंतर घर असं गप्प झालं होतं की त्याला स्वतःच्याच घरात चाचपडल्यासारखं व्हायचं. बायकोच्या हातात लहान मुलांची पांढरी पाटी आणि काळा मार्कर असे. ती लिहायची, दाखवायची, पुसायची. तो चष्मा शोधेपर्यंत निम्मं पुसलेलं असायचं.

ती गाणं रीतसर शिकलेली. मोठ्या मैफिली करायच्या म्हणून शिकली आणि मलम, साबण, कुलपं, पंखे यांची गाणी गात संसार केला. त्यातलं एकच गाजलं. वीस सेकंदांचं, झुरळं मारायच्या गोळ्यांचं. कंपनीच्या मालकाला त्यात दरारा हवा होता, नगारे हवे होते. रेकॉर्डिंगच्या दिवशी मुलीला सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून ती तीन महिन्यांच्या मुलीला घेऊनच आली. नगारे वाजले की पोर किंचाळायची. शेवटी वैतागून तिने पोरीला मांडीवर घेतलं आणि जाहिरातीचेच शब्द अंगाईच्या चालीत म्हणायला लागली.

झोप रे झुरळा, मीट डोळे,
कोपऱ्यात ठेवलेत पांढरे गोळे.
आई गेली, बाबा गेला,
आता तुझी पाळी, बाळा.

पोर झोपली. काचेच्या अलीकडे टेप चालूच होती. मालकाने ती दोनदा ऐकली आणि म्हणाला, "बाई, माझ्या आईने मलासुद्धा इतक्या मायेने कधी झोपवलं नाही. नगारेवाल्यांना घरी पाठवा."

गोळ्या धडाक्यात खपल्या. तिला काय मिळालं? स्टुडिओत तिचं नाव झुरळताई पडलं, ते शेवटपर्यंत. पुढे कंपनी बुडाली, गाणंही लोक विसरले.

मग मुलीच्या लग्नानंतर महिनाभराने, कुठल्याशा निवृत्त पोस्टमनने घरच्या जुन्या कॅसेटवरची ती जाहिरात इंटरनेटवर टाकली. जुन्या जाहिराती जमवायचा छंद होता त्याला. कोणीतरी ते गाणं भर सभेत पेंगणाऱ्या एका मंत्र्याच्या चित्रफितीला चिकटवलं, आणि मग जगाला जणू कामच मिळालं. पहिल्याच चेंडूवर बाद झालेला खेळाडू, दिवाळं निघालेली बँक, परीक्षेचा पेपर बघून डोकं टेकवणारा विद्यार्थी, सगळ्यांच्या मागे झुरळताई गोड गळ्याने गायची, आता तुझी पाळी, बाळा. तीस वर्षं रियाज केलेल्या गळ्याला शेवटी असे श्रोते मिळाले. खाली लोक लिहायचे. "माझ्या साहेबांना हे रोज ऐकवा." "या काकूंनी मला मारलं तरी माझी तक्रार नाही." एकाने लिहिलं होतं, "झुरळाचा जन्म मिळाला असता तर बरं झालं असतं."

रेकॉर्डिस्टला हे सगळं किराणा दुकानात कळलं. दुकानदाराने फोन समोर धरला आणि म्हणाला, "काका, हे ऐकलंत का? पोट धरून हसाल." काकांनी ऐकलं आणि हसले नाहीत. हा आवाज त्यांनी झोपेतही ओळखला असता.

घरी येऊन बघतो तर बायको खिडकीशी पाठमोरी बसलेली, हातात फोन आणि खांदे गदगदा हलतायत. आवाज काहीच नाही. तो दारातच थिजला. एका हाताने तिने डोळे पुसले, तेव्हा त्याची खात्रीच पटली. तो पाऊल न वाजवता मागे फिरला आणि जिन्यात उभं राहून मुलीला फोन लावला. मुलगी एका जाहिरात कंपनीत होती. कंपन्यांच्या नावाने इंटरनेटवर विनोद करायचे, हा तिचा पगारी धंदा.

"बाबा, अहो ट्रेंड आहे तो. आठ दिवसांत मरेल आपोआप."

"आठ दिवसांत तुझी आई मरेल. रडते आहे ती. मला दिसू नये म्हणून तोंड फिरवून रडते."

"तुम्ही विचारलंत तिला?"

"विचारायचं काय त्यात? ज्या बाईचा गळा कापला, तिच्या गळ्याची चेष्टा चाललीय जगभर. मी बघत बसू?"

मुलगी म्हणाली, "आमच्या वकिलांना सांगून तक्रार करता येईल. गायिकेची परवानगी नाही म्हणून. कुठली कुठली काढायची?"

"सगळी."

"त्या पोस्टमनकाकांची मूळ जाहिरातसुद्धा? आणि आपल्याकडे आहे का ती?"

"अगं, मूळ टेप स्टुडिओत आहे. खोक्यावर माझ्या हातची चिठ्ठी आहे. तिथून कुठे जातेय? तू काढून टाक सगळं."

मुलगी कामाला वाघ. चार दिवसांत सगळं साफ झालं. पाचव्या दिवशी दुपारी चारला बायको नेहमीसारखी खिडकीशी बसली, फोनवर बोट फिरवत राहिली, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग पाटी घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली.

"माझं गाणं कुठे गेलं?"

"मीच काढायला लावलं," तो म्हणाला. त्याला वाटलं, आता ती हात हातात घेईल. "तू रडत होतीस ना. मी बघितलं."

तिने लिहिलं, "हसत होते." पुसलं. "आता माझं हसणं असंच दिसतं." पुन्हा पुसलं आणि बराच वेळ बारीक अक्षरात लिहीत राहिली. तिने त्या पोस्टमनच्या जाहिरातीखाली लिहिलं होतं की हे गाणं मी गायलंय. त्यावर कुणा पोराने उत्तर दिलं, हो का आजी, मग एक ओळ गाऊन दाखवा. "त्यावर हसत होते," पाटीवर होतं. "शेवटी थोडी रडलेही. पण आधी हसत होते."

खाली जागा उरली नव्हती. ते पुसून तिने आणखी एक ओळ लिहिली. "रोज चारला मी मला ऐकत होते."

त्याने लगेच मुलीला फोन लावला. मुलीने तक्रार मागे घेतली, पण पोस्टमन वकिलाच्या पत्राने इतका घाबरला होता की त्याने सगळा संग्रह पुसून टाकला होता आणि कॅसेटही भंगारात दिली होती. "मला म्हाताऱ्याला कोर्टात उभं करू नका हो," असं त्याने हात जोडून कळवलं होतं. इकडेतिकडे कुणाच्या फोनवर जे तुकडे उरले होते, त्यांत आवाज उंदरासारखा चिरका करून टाकलेला होता. आणि लोकांना तोवर गॉगल घातलेली एक बकरी सापडली होती.

राहता राहिला स्टुडिओ. तिथे आता स्टुडिओच्या जुन्या मालकाचा मुलगा बसत होता. दोन माणसं समोरासमोर खुर्च्या टाकून तासभर एकमेकांची स्तुती करायची आणि हा ती रेकॉर्ड करायचा. त्याने काकांना मागच्या खोलीत नेलं. फळीवर खोकं होतं. चिठ्ठी होती, अक्षर काकांचंच. झुरळ गोळ्या, वीस सेकंद. काकांनी शर्टाच्या बाहीने धूळ पुसली, जुनं मशीन लावलं, टेप चढवली. हात सवयीने चालले.

आतून पुरुषाचा आवाज आला, "दात चमकले, नशीब चमकले!" आणि शेवटी चार बायकांचा कोरस, "आऽऽऽ".

त्याने टेप पुढे पळवली, मागे आणली, उलटी लावून बघितली. नंतर खाली बसला. त्या काळी टेप महाग होती. जाहिरात एकदा रवाना झाली की तीच टेप पुसून पुढच्या गाण्याला वापरायची, हा स्टुडिओचा नियम, आणि दर शनिवारी पुसायचं काम ह्याचं. झुरळाची टेप आपण राखून ठेवली, असं तो इतकी वर्षं छातीठोक सांगत आला होता. खोक्यावरची चिठ्ठी तेवढी राखली होती.

"राहू द्या काका," मालकाचा मुलगा म्हणाला. "हे तरी देतो फोनमध्ये. आठवण म्हणून."

टूथपेस्टची कसली आठवण? पण तो नको म्हणाला नाही.

घरी आल्यावर त्याने काही लपवलं नाही. "मीच पुसली होती," म्हणाला. "एकदा तेव्हा, आणि एकदा आत्ता."

बायकोने पाटी घेतली. "माहीत होतं मला. टूथपेस्ट त्याच टेपवर घेतलीत. मी तिथेच होते."

"तू कुठे होतीस?"

"कोरसमध्ये. चौघींत तिसरी."

त्याने धावत जाऊन कपाटातला जुना हेडफोन काढला. कोरसचा तीन सेकंदांचा आऽऽऽ. पुन्हा लावला, पुन्हा लावला. छत्तीस वर्षांत सतारीची एक तार उतरली तरी ज्याच्या कपाळाला आठी पडायची, तो माणूस कानांवर दोन्ही हात दाबून घामाघूम झाला.

"ही का? वरची?"

तिने मान हलवली. नाही.

"मग ही. ही जरा मागून येते ती."

नाही.

"अगं, सांग ना मग. कुठली?"

तिने लिहिलं, "तुम्हीच ओरडायचात ना, चौघींचा मिळून एकच आवाज आला पाहिजे. कुणी वेगळी ऐकू आली की काच ठोकायचात." मग खाली लिहिलं, "आम्ही फार छान गायलो त्या दिवशी."

मग तिने हेडफोन त्याच्या कानांवरून काढला, स्वतःच्या कानांना लावला आणि डोळे मिटले. त्याने बटण दाबलं. तिने एक बोट त्याच्या मनगटावर ठेवलं होतं. कोरस सुरू झाला की ते बोट हलकेच दाबलं जायचं, आवाज संपला की सैल पडायचं. ती ऐकत होती स्वतःला. त्याला फक्त दाब कळत होता. संध्याकाळच्या स्वयंपाकाची वेळ टळून गेली तरी तो बटण दाबत राहिला.

त्यानंतर रोज चारला दोघं तसेच बसायचे. ती गावात गेली किंवा झोपली की तो हेडफोन लावून एकटा शोधायचा. एकेका स्वराला चाळून बघायचा, कधी वाटायचं सापडली, आणि तिला विचारलं की ती मान हलवायची. एकदा ती खोटंच हो म्हणाली. त्याच्या ते लगेच लक्षात आलं, पण त्याने तसं दाखवलं नाही.

सप्टेंबरात गाठ पुन्हा वर आली. या वेळी डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं नाही.

ती त्याच वर्षी नोव्हेंबरच्या नऊ तारखेला, मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला, घरीच वारली. तिचं वय सदुसष्ट होतं. नवरा आणि मुलगी जवळ होते.