पलीकडच्या काठावरचा धडा

टॅनर नदीवरचा पूल बंद झाला त्या आठवड्यात पलीकडच्या काठावर राहणाऱ्या छोट्या हॅडलीला 'कोल्हा' वाचता येत होतं आणि 'धावला'ही वाचता येत होतं. दोन्ही शब्द शेजारी आले की मात्र ती अडायची. वर्गात तिच्यासाठी थांबायला कुणाला वेळ नव्हता. म्हणून शाळेच्या बसमधून उतरली की ती पुलावरून चालत माझ्याकडे यायची. मी निवृत्त शिक्षिका, घरात एकटीच. ती आली की आधी बिस्किटं, मग कोल्हा.

पुलाच्या तुळया गंजल्यात असं कुणीतरी तपासून सांगून गेलं आणि दोन्ही टोकांना जाळीचं कुंपण लागलं. वर पाटी: दुरुस्तीसाठी बंद. दुरुस्तीला कुणीच आलं नाही. मोटारीनं वळसा घालायचा तर पाऊण तास लागतो. तिची आई गोदामात दोन पाळ्या करते. माझा उजवा पाय ब्रेकवर वेळेत पडेना, तेव्हा मी गाडी विकून टाकली होती. हॅडली पलीकडे बसमधून उतरायची आणि हात हलवायची. मी इकडून हलवायची. मधल्या बंधाऱ्याचं पाणी एवढा आवाज करतं की हाक पोचत नाही.

मग निवडणूक आली. आमचं पेन्सिल्वेनिया कुणाच्या पदरात पडेल याचा नेम नसतो, म्हणून दोन्ही पक्ष पैसा इथेच ओततात.

"घ्या बाई, आज एवढी प्रेमपत्रं," टपाल आणणारा व्हर्न प्रचारपत्रकांचा गठ्ठा पुढे करत म्हणायचा. "दोघंही तुमच्यावर मरतात."

"पुलाचं काही लिहिलंय?"

"हा लिहितो तो चोर, तो लिहितो हा चोर. टीव्हीवर हे आठवडाभरात जेवढं उडवतात ना, तेवढ्यात तुमचा पूल होईल. वर रंगही मारून मिळेल."

एका दुपारी दार वाजलं. दारात मारिसेल नावाची कॉलेजातली मुलगी उभी होती. प्रचारासाठी थेट कॅलिफोर्नियाहून आलेली, थंडीनं नाक लाल झालेलं.

"तुमचं मत ठरलंय का, मॅडम?"

"पुलाचं काय ते सांग, मग ठरवते."

तिनं फोनवर बोट फिरवलं. "महागाई आहे, कर आहेत, गुन्हेगारी आहे... पूल नाहीये हो."

"मग लिहून घे."

"लिहायला जागाच दिलेली नाही. मी 'अनिश्चित' दाबते."

"त्यानं काय होतं?"

ती हसली. "आम्ही परत येतो."

माझं मत खरं तर केव्हाच ठरलं होतं. पण मी अनिश्चित राहिले. मारिसेल दोनदा आली. दुसऱ्या पक्षाचा एक जाडजूड गृहस्थ आला आणि केकचे दोन तुकडे संपवून गेला. येईल त्याला मी कॉफी दिली आणि पुलाची गोष्ट सांगितली. इतक्या तोंडांनी गेली तर एखाद्या कानात पडेल, असं मला वाटत होतं. आणि स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या खुर्चीवर कुणीतरी बसलेलं असायचं, तेही होतंच.

"ठरलं की सांगाल ना?" शेवटच्या खेपेला मारिसेलनं विचारलं.

"ठरल्यावर तू येशील?"

तिनं कप खाली ठेवला. "नाही. ठरलं की नाव यादीतून निघतं."

मतदान झालं. दुसऱ्या दिवशी फोन वाजला नाही, दारही वाजलं नाही. टपालपेटीत फक्त विजेचं बिल होतं. कोण जिंकलं ते टीव्हीनं सांगितलं आणि पुन्हा साबणाच्या जाहिराती सुरू झाल्या. पुलाचं कुंपण होतं तिथेच होतं.

रस्त्याकडेला मात्र प्रचाराच्या पाट्यांचं रान माजलं होतं. पातळ प्लॅस्टिकच्या, तारेच्या पायांवर उभ्या. व्हर्न त्या उपटत होता.

"कुणाच्या हव्यात, बाई? आता दोघंही फुकट आहेत."

"पाठ कोरी असेल त्याच्या."

त्या दुपारी मी पाट्या काखेत घेऊन काठावर उभी राहिले. बस आली, हॅडली उतरली. मी पहिली पाटी उंच धरली. जाड काळ्या अक्षरांत: कोल्हा. मग दुसरी: धावला. मग दोन्ही हातांत दोन. तिचे ओठ हलले. ऐकू काहीच आलं नाही, पण ती नाचायला लागली, तेव्हा कळलं.

मग रोजच चाललं. कोल्हा नदीपर्यंत धावला. कोल्ह्याला तहान लागली. एके दिवशी थोडं बर्फ भुरभुरत होतं आणि तीही एक पाटी घेऊन उतरली. तिच्या आळीतून उपटलेली, हरलेल्या उमेदवाराची. ती उलटी करून तिनं डोक्यावर धरली. अक्षरं वेडीवाकडी होती, पण वाक्य पुरं होतं. तिचं स्वतःचं पहिलं वाक्य.

मी येऊ का?

माझ्याजवळ कोऱ्या पाट्या पुष्कळ होत्या. पेनाचं टोपणही मी काढलं. 'ये' लिहावं तर ती कुंपण चढेल, 'नको' लिहावं तर उद्यापासून काठावरच येणार नाही. ती पाटी तशीच धरून उभी होती.

मी टोपण लावलं आणि कोल्ह्याची पाटी पुन्हा वर केली.  मग तिनं आपली पाटी खाली ठेवली आणि शहाण्या मुलीसारखं वाचलं.