जोनासचा हात

"हलू नका, रक्त येतंय," टॅबिथा म्हणाली आणि खरखरीत दगड पुन्हा नवऱ्याच्या मनगटावर घासू लागली.

"येऊ दे. गेला का?"

"अर्धा उरलाय अजून. मेला हाडालाच चिकटलाय!"

लोकरी कापडावरची लव कातरून ते मऊ करायचं, हा जोनास आर्मिटेजचा धंदा. मणभर वजनाची कातरी पेलून उजव्या मनगटावर जो घट्टा येई, त्याला इंग्लंडातल्या हडर्सफील्डचे कारागीर 'खूर' म्हणत आणि गुत्त्यात बसून एकमेकांना मिरवून दाखवत. ज्याचा खूर जाड, त्याला बाप डोळे झाकून मुलगी देत. टॅबिथाच्या बापाने तेच केलं होतं.

मग कातरायचं यंत्र आलं आणि खूरवाले घरी बसले. परवा रात्री त्यांतल्या काहींनी गिरणीत घुसून यंत्रं फोडली. त्यात एक पहारेकरी मेला. आता शिपाई घरोघर मनगटं तपासत होते. जोनास त्या रात्री घरीच होता, टॅबिथाने त्याला उंबरा ओलांडू दिला नव्हता. पण बेकार खूरवाल्याचं ऐकतो कोण? पकडलेल्यांना यॉर्कला नेत, आणि तिथे फास तयारच होता.

"विचारलं तर काय सांगाल?"

"गाडीवान आहे. हाताला लगाम काचला."

"बस्स, एवढंच. कापडाचा विषय निघाला की तुमच्या तोंडाला कुलूप नसतं."

दार धडधडलं. दोन शिपाई आणि एक तरुण कॅप्टन आत आले. कॅप्टनने मनगट उलटंसुलटं करून पाहिलं.

"गाडीवान आहेत, साहेब. लगाम काचला," टॅबिथा घाईने म्हणाली.

"ह्याला जीभ नाही?"

"आहे की. घोड्यांशी बोलण्यापुरती."

कॅप्टन हसला. त्याने बगलेतलं कापड टेबलावर टाकलं. "कोटासाठी घेतलंय. कसं वाटतं, गाडीवान?"

"निळं आहे, साहेब," जोनास म्हणाला. टॅबिथाचा जीव भांड्यात पडला.

"हात तर लावून बघ."

जोनासचा तळवा लवेच्या दिशेने सरकला, मग उलट फिरला. कापडाचं टोक त्याने खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. गाडीवान असं कापड बघत नाही.

"अहो!" टॅबिथा म्हणाली. त्याला ते ऐकूही आलं नाही.

"कुणी कातरलंय हे?"

"यंत्राने," कॅप्टन हळूच म्हणाला.

जोनासने पुन्हा हात फिरवला. पात्याचा एखादा ओरखडा, एखादी लांब राहिलेली लव तो जिवाच्या आकांताने शोधत होता. काही सापडेना.

"त्या रात्री हे माझ्या शेजारी होते, साहेब! देवाशपथ!" टॅबिथा रडत ओरडली. शिपाई पुढे झाले.

"चोख आहे काम," जोनास म्हणाला. "माझ्या हातून नसतं झालं."

त्याने लवेची बाजू आत ठेवून कापडाची नीट घडी घातली, ती कॅप्टनकडे दिली आणि दोन्ही हात शिपायांपुढे केले.