आसानागी मारूवरचा बाक

लेकीचा, पूर्वीचा, फोन आला तेव्हा दीनानाथ पारुळेकर ॲलॉटमेंटमध्ये, भाजीसाठी भाड्यानं घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यात, घेवड्याच्या वेलांना काठ्या लावत होते.

"बाबा, तुमचा जहाज येतोय! ब्रिस्टलला!"

"तुमचं जहाज," त्यांनी सवयीनं सुधारलं. मग म्हणाले, "कुठलं जहाज?"

"आसानागी मारू. आत्ताच वेबसाइटवर बघितला. पुढच्या आठवड्यात हार्बरमध्ये येणार, ओपन डेज पण आहेत. मी ब्रॅकनेलहून येऊ का?"

दीनानाथ हातातली काठी धरून तसेच उभे राहिले. वेंगुर्ल्यात वाढलेला, जहाजबांधणी शिकलेला हा माणूस तिशीत दोन वर्षं ओसाकाजवळच्या एका यार्डात नोकरीला होता. पूर्वी तेव्हा तान्ही होती, आणि बायको नीना मुंबईच्या हॉस्पिटलात रेसिडेन्सी करत होती. त्या दोन वर्षांत त्यांनी एकाच जहाजावर काम केलं: तरुण मुलामुलींना शिडाचं जहाज चालवायला शिकवण्यासाठी बांधलेलं, तीन डोलकाठ्यांचं आसानागी मारू. पण ते पाण्यात उतरायच्या आधीच कॉन्ट्रॅक्ट संपलं. मग नीनाला ब्रिस्टलच्या हॉस्पिटलात जागा मिळाली, सगळे इकडे आले, आणि दीनानाथांनी निवृत्त होईपर्यंत फेरीबोटी डिझाइन केल्या. आपलं जहाज शिडं उभारून कसं दिसतं हे त्यांनी फक्त फोटोत पाहिलं होतं.

ते आलं त्या दिवशी तिघं झुलत्या पुलावर जाऊन उभे राहिले. एव्हन नदीला भरती आली होती. दरीच्या वळणावरून आधी डोलकाठ्या दिसल्या, मग जहाजाचं पांढरंशुभ्र अंग. शिडं गुंडाळलेली होती, पुढे ओढणारी एक टगबोट होती. जहाज पुलाखालून गेलं तेव्हा दीनानाथ रेलिंगवरून इतके वाकले की नीनानं त्यांचं जॅकेट मागून घट्ट धरलं.

"अहो, पडाल!"

"डोलकाठीचा कल बघ," ते म्हणाले. "बरोबर ठेवलाय त्यांनी. अजून बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी ते ओपन डेच्या रांगेत सगळ्यांसारखे उभे राहिले. मी कोण हे कुणाला सांगायचं नाही, असं त्यांनी घरूनच बजावलं होतं. डेकवर कॅडेट मुलं-मुली अनवाणी, ओणवी बसून, अर्ध्या कापलेल्या नारळाच्या सोडणांनी लाकूड घासत होती. "वाश्शोई! वाश्शोई!" असा एकसुरात ठेका चालला होता.

"हे बघ," दीनानाथ नीनाला म्हणाले, "आमची आई तांब्याची घागर अशीच घासायची."

कॅप्टन मोरीता स्वतःच पाहुण्यांना जहाज दाखवत होत्या. पंचेचाळिशीच्या, बारीक चणीच्या, हसऱ्या. मधल्या डोलकाठीमागे त्या थांबल्या. तिथे डेकलाच जोडलेला एक ठेंगणा लाकडी बाक होता. समोर धरायला पितळी दांडी, बाजूला बादली अडकवायचा हूक.

"हा जहाजाचा सगळ्यात कमी हलणारा भाग," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "ज्याला समुद्र लागतो तो इथे येऊन बसतो आणि क्षितिजाकडे बघतो. आम्ही याला 'इंदो' म्हणतो. म्हणजे इंडिया."

"का?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"कुणालाच माहीत नाही. कदाचित लाकूड इंडियातून आलं असेल."

नीनानं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. दीनानाथ बुटांकडे बघत राहिले. तिनं पुन्हा ढोसलं. शेवटी तिनं शाळकरी मुलीसारखा हात वर केला.

"एक्स्क्यूज मी, कॅप्टन. लाकूड नाही. हा माणूस इंडियातून आला होता."

पूर्वी खदखदून हसली. दीनानाथांचे कान लाल झाले. मग अडखळत, विसरत चाललेल्या जपानीत त्यांनी सांगितलं. त्यांचे साहेब ओनो-सान यांनी शिडाचं काम प्रत्यक्ष कळावं म्हणून त्यांना एका जुन्या जहाजावर पाठवलं होतं. तिथे दीनानाथ सबंध वेळ दोरखंडाच्या वेटोळ्यावर पडून ओकत होते. परत आल्यावर त्यांनी पहिलं काय केलं, तर आराखड्यात जहाजाच्या मध्यावर एक बाक काढला. बाकीचे म्हणाले, बसायला जागा दिली तर मुलं काम कशाला करतील? ओनो-सान म्हणाले, जो आज बसेल तोच उद्या उठेल.

कॅप्टन मोरीतांनी कमरेत वाकून नमस्कार केला.

"अठरा वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "पहिला आठवडा मी या बाकावरच काढला. पहिल्या बंदरात उतरून घरी जायचं ठरवून बॅगही भरली होती. पण इथून क्षितिज दिसायचं, आणि ते हलत नव्हतं. म्हणून राहिले." त्यांनी डोळे पुसले. "आम्ही परवा कार्डिफला निघतोय. तुम्ही दोघांनी आलंच पाहिजे."

घरी आल्यावर दीनानाथांनी साफ नाही म्हटलं. "जहाज बांधणारा माणूस मुलांसमोर ओकायला लागला तर कसं दिसेल?"

"माणसासारखं दिसेल," नीना म्हणाली. "मी डॉक्टर आहे. गोळी देते. तरी ओकलात तर बादली धरते. आणखी काय हवं?"

निघायच्या दिवशी पूर्वी धक्क्यावर उभी होती. कॅडेट भराभर डोलकाठ्यांवर चढले, आडव्या काठ्यांवर रांगेनं उभे राहिले, आणि टोप्या हलवत तीनदा ओरडले, "गोकिगेन्यो!"

"काय म्हणतायत?" नीनानं विचारलं.

"आनंदात असा. भेटतानाही हेच म्हणतात आणि निघतानाही."

नीनानं पूर्वीला दोन्ही हात हलवले आणि कॅडेटांबरोबर स्वतःही ओरडली.

नदीच्या मुखाशी मोटर बंद झाली आणि शिडं उघडायला लागली. दीनानाथांना राहवेना. एका दोरावर रांगेनं मुलं ओढत होती, त्यांच्यामागे जाऊन त्यांनीही हात लावला. एकेकाळी याच दोरांसाठी त्यांनी विजेवर चालणारी यंत्रं काढून दिली होती आणि ओनो-साननी ती खोडरबरानं पुसून टाकली होती. हे जहाज माल नेणार नाही, माणसं घडवणार आहे, ते म्हणाले होते. यंत्रानं दोर ओढला तर ही मुलं एकमेकांकडे बघतील कशाला? तेव्हा दीनानाथांना राग आला होता. आता पुढची मुलगी मान वळवून त्यांच्याकडे बघून हसली, सगळ्यांनी एकदम जोर लावला, आणि डोक्यावर शीड फटकन फुगलं.

ते वळून नीनाला हाक मारणार, तर ती दिसेना. मग दिसली, रेलिंगला धरून गप्प उभी. ब्रिस्टल चॅनेलचं पाणी तांबूस आणि उसळतं होतं. वारा एकीकडून, ओहोटी दुसरीकडून. नीना गप्प झाली की काहीतरी बिघडलंय हे त्यांना चाळीस वर्षांत कळलं होतं.

"गोळी घेतलीस?"

"मला कधी लागत नाही," ती म्हणाली, आणि घाईनं रेलिंगवरून वाकली.

दीनानाथांनी तिला खांद्याला धरून हळूहळू बाकापर्यंत आणलं. बसवलं, दांडीवर तिचे हात ठेवले, हुकाला बादली अडकवली आणि शेजारी बसले.

"पलीकडे वेल्सचे डोंगर आहेत. त्यांच्याकडे बघ. खाली बघू नकोस."

"बघतेय." थोड्या वेळानं ती पुटपुटली, "लोक हसत असतील."

"कोण हसणार? इथे बसून झालंय सगळ्यांचं."

ती त्यांना टेकली. "बाक दोघांचा आहे हे बरं केलंत."

"मी एकाचाच काढला होता. ओनो-साननी रुंद केला. म्हणाले, ज्याला बरं नाही त्याला एकटं बसवू नये."

"त्यांना माझा नमस्कार कळवा."

"ते गेले गं. बरीच वर्षं झाली."

"मग मनातल्या मनात कळवा," नीना म्हणाली आणि डोळे डोंगरांवरून न काढता तिनं त्यांचा हात हातात घेतला.

तासाभरानं तिच्या चेहऱ्यावर रंग आला. मोरीतांनी खालून एका वाडग्यात पातळ भात पाठवला, वर एक खारवलेलं आंबट फळ.

"अहो, ही तर पेज!" नीना म्हणाली. "आणि हे लोणचं!" तिनं वाडगा चाटूनपुसून संपवला आणि आणखी आहे का विचारलं.

कार्डिफला उतरताना मोरीतांनी विचारलं, बाकावर पितळी पट्टीवर तुमचं नाव लावू का? दीनानाथांनी नकारार्थी मान हलवली. इंदोच राहू दे, म्हणाले.

"अहो, लावू द्यायचं होतं ना!" स्टेशनकडे चालताना नीना कुरकुरली.

"पारुळेकर त्या मुलांना उच्चारता येणार आहे का?"

ट्रेनमध्ये ती त्यांच्या खांद्यावर झोपली. न्यूपोर्टला जागी झाली तेव्हा दीनानाथ फोनवरचे फोटो चष्मा कपाळावर चढवून एकेक मोठा करून बघत होते.

"पुढचं बंदर कुठलं म्हणाल्या त्या?" तिनं विचारलं.

"कॉर्क. आयर्लंडमधलं."

"कोणाला बरोबर नेतात का हो?"

दीनानाथांनी तिच्याकडे वळून पाहिलं. ती गंभीर होती. त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि मोरीतांना मेल लिहायला घेतली.