वद्य अष्टमीची ओहोटी

भरती-ओहोटीचं गणित आमच्या गावात माझ्याइतकं कुणालाच येत नाही, असं मी स्वतःच सांगत फिरायचो. डोंबिवलीच्या खाली, खाडीला लागून आमची मिठागरं. कुठल्या तिथीला पाणी किती चढणार, दिवस किती वर आल्यावर उतरणार, हे मला झोपेतून उठवून विचारा. गोपीनाथ बोलला म्हणजे पंचांग बोललं, असं लोक म्हणायचे आणि मी फुगायचो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हेही लोकच म्हणतात. ते मात्र मी कधी कानावर घेतलं नाही.

माझी धाकटी बहीण सगुणा गावातच दिलेली. तिचा नवरा काळुराम. आगराच्या बांधावरून मारामारी झाली, त्यात काळुरामच्या हातचं फावडं एकाच्या वर्मी बसलं आणि तो माणूस जागेवर मेला. काळुरामला काळ्या पाण्याची सजा झाली. तिकडे धाडीपर्यंत त्याला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवला होता. नावाला किल्ला, सरकारने त्याचा कधीच तुरुंग करून टाकला होता.

पोरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. थोरली शालू सात वर्षांची, धाकटा गणू चारचा. तुमचा बापूस ठाण्याच्या गडावर कामाला आहे, असं मीच त्यांना सांगितलं होतं, आणि एकदा सांगायला लागलो की माझी जीभ आवरत नाही. गडाला खंदक आहे, बुरूज आहेत, बुरुजावर तोफा आहेत, दरवाजा एवढा मोठा की हत्ती आत जाईल. गणूने हत्ती पक्का धरून ठेवला.

संक्रांत झाली आणि दोन दिवसांनी मी ठाण्याला गेलो. किल्ल्याच्या दरवाजावर सहदेव नावाचा घाटावरचा पहारेकरी होता. भला माणूस. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "काळुरामला भेटायचं असंल तर बायकापोरांना हा महिना सरायच्या आत घेऊन या. महिना सरला की ह्या सगळ्यांना गलबतावर घालणार. मग कुणी कुणाचं नाही."

मी घरी येऊन सगुणाला सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती, तिने जळतं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "दादा, मंग ह्याच अष्टमीला जाव. पाच दिस हायेत."

अष्टमीच का, ते सांगायला हवं. अष्टमीला खाडीचं पाणी भांगाचं असतं, म्हणजे मऊ, ओढ कमी. सकाळी ओहोटी लागते, तिच्याबरोबर होडी खाली ठाण्याला जाते. दुपारून भरती लागते, ती दिवस मावळेपर्यंत परत घरी आणून सोडते. पोरं घेऊन जायला याहून चांगला दिवस नाही. पंधरवड्याला असा एकच.

पण मी म्हटलं, "अगं, महिना आत्ता कुठं लागलाय. एवढी घाई कशाला? वद्य अष्टमीला जाव. तवर वाफ्यात पैलं मीठ पडंल. त्यानं बांधलेला आगर हाय, त्याचं मीठ त्याला चाखाया नको?"

"मीठ कशाला पायजे? पोरांना एकदा बापूस दिसला म्हंजे झाला. परत कवा दिसनार नाय."

"आनि पोरांना काय असंच फाटक्यात न्यायचं? शालूला परकर शिव. जायचं तर नीट जाव, जत्रंला जातात तसं. त्यांना आठवन तरी राहील."

सगुणाने वाद घातला नाही. तिथीचा प्रश्न आला की आमच्या घरात माझ्यापुढे कुणी बोलत नसे.

पौर्णिमा गेली. वाफ्यात पहिलं मीठ पडलं, पांढरं, बारीक. बांधावर पहिली मूठ ठेवून पाया पडलो आणि एक पुरचुंडी काळुरामसाठी बांधली. सगुणाने आपलं हळदीचं लुगडं फाडून शालूला परकर शिवला. तांदळाच्या भाकऱ्या, सुकं बोंबील, पोरांसाठी गुळाची खीर. वद्य अष्टमीला उजाडताच होडी सोडली. पौष सरायला आणखी सात दिवस होते. मी हिशेब पुन्हा पुन्हा केला होता.

असा दिवस आमच्या घरात आधी कधी आला नव्हता, नंतरही आला नाही. मुंब्र्याचा डोंगर दिसला तेव्हा गणू म्हणाला, हाच गड. मग पारसिकचा डोंगर दिसला, तोही गड. शालू त्याला हसत होती आणि परकर ओला होईल म्हणून गुडघ्यापर्यंत धरून बसली होती. ठाण्याजवळ आलो तर लांब खाडीच्या पुलावरून आगगाडी चालली होती, धूर सोडत. गणू होडीत उभाच राहिला. सगुणाने त्याला कमरेला धरलं आणि तीसुद्धा हसली. दोन वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, गोपीनाथ, केलंस बाबा एक काम चांगलं.

दुपार व्हायच्या आत आम्ही दरवाजावर होतो. नशिबाने सहदेवच पहाऱ्यावर होता. मी लांबूनच हसत पुढे झालो. त्याने आधी मला पाहिलं, मग माझ्यामागची बाई, मग पोरं.

"आता आलात?" तो म्हणाला.

"महिना सरायच्या आत म्हनालेलात ना? सात दिवस हायेत की अजून."

"कसले सात दिवस? महिना शनिवारी सरला. आज मंगळवार, फेब्रुवारीची तीन तारीख. शनिवारी पहाटे सगळ्यांना नेलं." मग त्याने आवाज खाली आणला. "दोन आठवडे रोज दरवाजाकडं बघत होता तो. मला म्हणायचा, येतील, माझा मेव्हणा हुशार आहे, तो बरोबर दिवस साधील."

सरकारचा महिना वेगळा असतो हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. कानावर आलेलं. पण चंद्राला न विचारता महिना सरेल, हे माझ्या डोक्यातच शिरलं नव्हतं. आमच्याकडे पाणी चंद्रावर चढतं, मीठ चंद्रावर पडतं, पोर जन्मलं तर तिथी सांगतात. सहदेवची काही चूक नव्हती. त्याने मराठीतच सांगितलं होतं. मी हातातली मिठाची पुरचुंडी त्याला देऊन टाकली, काय करायची ती. त्याने ती घेतली आणि मान खाली घातली.

सगुणाने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ती तिथेच बसकण मारील, छाती पिटील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"आये, बापूस कुठं हाय?" शालूने विचारलं. गणू दरवाजाच्या आत हत्ती शोधत होता.

"वर हाय, कामावर," सगुणा म्हणाली. "त्याला खाली येता येत नाय. चला, आपुन बाहेरून बघू."

ती पोरांना खंदकाच्या कडेने घेऊन गेली. मी मागून. बुरुजावर एक पहारेकरी उभा होता. उन्हामुळे त्याचं तोंड दिसत नव्हतं, नुसता उभा माणूस दिसत होता. सगुणा थांबली. तिने बोट दाखवलं.

"त्यो बघा. त्योच."

दोन्ही पोरं ओरडायला लागली. बाऽ, बाऽ करत गणू उड्या मारायला लागला. बुरुजावरच्या माणसाला काय वाटलं कोण जाणे, त्याने एक हात वर केला. गणूने माझा पाय घट्ट धरला, इतका त्याला आनंद झाला. आणि सगुणाने डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला, नवरा समोर आला की बायका घेतात तसा. मी माझ्या आयुष्यात एवढं वाईट काही पाहिलं नाही.

भरतीबरोबर परत निघालो. भाकऱ्या कुणी सोडल्याच नाहीत. गणू झोपला. शालूने विचारलं, "मामा, बापूस घरी कवा येल?"

मी काही बोलायच्या आत सगुणा म्हणाली, "मामाला नीट विचार हां. त्याला महिना कळतो."

एवढंच. त्यानंतर आजवर तिने मला या गोष्टीवरून एक शब्द बोललेला नाही. भाऊबीजेला ओवाळते, जेवायला वाढते. पण तिथी विचारायची झाली तर दुसऱ्याच्या घरी जाते.

शालूला तेव्हा मी म्हटलं, पुढल्या पौषात आपण परत बघायला येऊ. तिचं तोंड बंद करायला म्हटलं होतं, पण गणूने ते झोपेतही ऐकलं असावं. तेव्हापासून दर वर्षी मी त्याला होडीत घालून नेतो. सगुणा येत नाही. शालू दोन वर्षं आली, मग तिला कळलं असावं, ती आता गडाचं नावही काढत नाही. काळुरामची एक ओळ कधी आली नाही. सरकारचे महिने आता मला तोंडपाठ आहेत, कोणता तिसांचा, कोणता एकतिसांचा. कुणी विचारत नाही.

यंदा बुरुजावर कुणीच नव्हतं. गणू आता आठ वर्षांचा आहे. तो खंदकाच्या कडेला उभा राहून रिकाम्या बुरुजाकडे हात हलवत राहिला. भरती लागली, होडी दोरीला ओढ घेऊ लागली, तरी तो हलेना. "मामा, थांब ना," म्हणाला, "बापूस जेवायला गेला असंल."

मी थांबलो.